शुगरचा फड

आमच्या वाळवा तालुक्यात माणूस दोन गोष्टीवरनं वळखत्यात. एक त्येच्या उसाच्या कांडीवरनं आन् दुसरं त्येच्या तोंडावरनं. गुंडाआण्णाचं दोन्ही बी लांब. ऊस असा की बांधावरनं जाणारा थांबून बघंल, आन् तोंड असं की थांबलेला माणूस परत निघायचा न्हाई. शाळा सातवीपतूर. पर बोअरची जागा इंजिनेराला दाखवायची तर आण्णानं, बांधाचा कायदा वकिलाला सांगायचा तर आण्णानं. "गावात पयलं ठिबक कुणी बसवलं? आमी. धाकट्याला शिकवून सांगलीत कुणी बसवला? आमी." ह्यातलं निम्मं खरं बी व्हतं, तीच तर पंचाईत. सगळंच खोटं असतं तर कुणीतरी कवाच गप केला असता.

धाकटा म्हंजी जयराज. सांगलीत विश्रामबागेत ऱ्हायचा, हापिसात नोकरी. लय गप माणूस. आण्णाच्या दहा वाक्यांवर त्येचं एकच, "व्हय आण्णा."

शुगर दोघा भावांना बी व्हती. जयराजला आदी धरली, आण्णाला मागनं. त्यात बी आण्णा म्हणायचा, "त्येला खुर्चीत बसून झाली. माझी कष्टाची शुगर हाय." जसं काय कष्टाच्या शुगरला सरकार बक्षीस देणार व्हतं.

पर आतनं आण्णा एका गोष्टीला लय भ्यायचा. सुईला. त्येच्या आबाला, म्हंजी वडलांना, इन्सुलिनची सुई लागली आन् वरसाच्या आत आबा गेलं. तवापास्नं आण्णाच्या डोक्यात एकच बसलं व्हतं. सुई लागली की माणूस संपला. जयराज एकदा म्हणला व्हता, "आण्णा, आबा सुईनं न्हाई गेलं. लय उशिरा सुई घेतली म्हणून गेलं." त्यावर आण्णानं डोळं वटारलं, आन् जयराज म्हणला, "व्हय आण्णा."

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी इस्लामपूरच्या डॉक्टरनं आण्णाचा रिपोट बघून मान हलिवली. "पाटील, गोळ्या दिल्यात त्या चालू ठेवा. खाणं बदला. तीन महिनं बघू. न्हाई उतरली तर इन्सुलिन चालू करायला लागंल."

झालं. आण्णाला आबाच आठवलं. पर तोंडावर कुठं दिसू देतोय?

त्याच रविवारी सगळी विश्रामबागेत जेवायला जमली. जयराजची लेक प्रियदर्शनी लॅबच्या कामाचं शिक्षण घेत व्हती. तिनं समजावून सांगितलं. "आण्णा, पिठाळ कमी करायचं. भात बंद, भाकरी अर्धी, बटाटा न्हाई, गूळ-साखर अजिबात न्हाई. त्येच्या बदल्यात अंडी खावा, मटण खावा, पालेभाजी, ताक, वाटीभर शेंगदाणं. पप्पा तसंच करत्यात. बघा कसं उतरलंय त्येंचं."

"मटण खायाचं आन् भात सोडायचा?" आण्णा हसला. "पोरी, ह्येला पथ्य म्हणत्यात व्हय? ह्येला जत्रा म्हणत्यात!"

"मग करा की."

"करा की काय? तुज्या बापाच्या खाली आणून दावतो. तीन महिन्यात. न्हाई आणली तर सुईच काय, दाभण टोच मला."

सगळी हसली. आण्णाची बायको, पोरीची मोठी आई, शालूबाई बी पदर तोंडाला लावून हसली. जयराजनं आण्णाला शुगर तपासायचं मशीन दिलं, आन् प्रियदर्शनीनं मोबाईलवर घरच्या माणसांचा ग्रुप काढला. पयला आठवडा नुसतं पथ्य, मग रोज सकाळी उपाशीपोटीचा आकडा फोटू काढून टाकायचा. ग्रुपला नाव आण्णानंच दिलं. शुगरचा फड. "उसाचा फड आमीच मारलाय, ह्यो बी मारतो."

पयले चार दिवस आण्णानं खरंच नेटानं केलं. शालूबाई जुन्या सवयीनं ताटात दोन भाकरी वाढायची, आण्णा त्यातली अर्धी खायाचा, वर चार अंडी, आन् बाकीची भाकरी ताटातच सारायचा. शालूबाई लगीन झाल्यापास्नं नवऱ्याच्या मागनं, नवऱ्याच्याच ताटात जेवायची. तिच्या सासूनं तसंच केलं, तिनं बी तसंच केलं. ताटात ऱ्हायलेलं टाकायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. म्हणून ती दीड भाकरी ती खायाची, आन् सवयीचा आपला भात त्येच्यावर.

पर आण्णाच्या मळ्याला लागूनच तानाजीचं गुऱ्हाळ. तानाजी म्हंजी आण्णाचा चुलतभाऊ. हिवाळ्याचं दिवस, चुलवाण पेटल्यालं, काहिलीतनं गुळाचा वास निम्म्या शिवारात. त्या वासाला पाठ करून कोण जाईल? तानाजी हाक मारायचा, "आण्णा, गरम गूळ! ह्या शेंगा घ्या संगं!"

"मला शुगर हाय रं."

"आवं, शुगर साखरंनं हुती. फॅक्टरीच्या. ह्यो आपल्या मातीतला गूळ हाय, औषिद हाय औषिद!"

हे आण्णाला इतकं पटलं की त्येनं सोता ते चार जणांना सांगितलं. आन् सांगता सांगता खाल्लं. वर वाटीभर काकवी. घरात अर्धी भाकरी, रानात गुळाचा खडा, आसं सुरू झालं.

आठवडा सरला, आन् फोटूच्या पयल्याच सकाळी मशीननं दाखवलं दोनशे चाळीस.

आण्णानं मशीन आपटून बघितलं. दुसरी पट्टी घातली, दुसरं बोट टोचलं. दोनशे अडतीस. ग्रुपवर जयराजचा आकडा येऊन बसला व्हता, एकशे बारा, खाली प्रियदर्शनीचं, "आण्णा, तुमचा?"

शालूबाई चुलीवरचा च्या उतरवत व्हती.

"ये गं, हिकडं बोट आण."

"माजं कशाला?"

"मशीन बघायचंय. बिघडलंय का ते कळाय नगं?"

तिनं हात पुढं केला. एकशे आठ. आण्णानं खिशातनं मोबाईल काढला. मग म्हणला, "मशीन तळहातावर धर. फोटू काढतो."

तवापास्नं ते ठरूनच गेलं. सकाळी आण्णा हाक मारायचा, शालूबाई पदराला हात पुसून बोट पुढं करायची. टोचणी, पट्टी, मशीन तिच्याच तळहातावर, आन् मोबाईल आण्णाच्या हातात. ग्रुपवर अंगठं, फुलं, हात जोडल्यालं. पुण्याचा भाचा वीरधवल तर रोज न चुकता अंगठा टाकायचा आन् वर लिहायचा, "वाघ!" जयराजनं एकदा लिहिलं, "आण्णा, तुमी जिंकला." आण्णानं ते तानाजीला तीनदा वाचून दावलं. गुऱ्हाळावर. हातात गूळ व्हता.

आन् एक गोष्ट त्येला खरोखरीची खूण वाटली. त्येचा पट्टा सैल व्हायला लागला. पोट उतरलं, गालफडं बसली. आण्णानं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं, मग आणिक एक. चौकात सदरा वर करून दावायचा. "बघा गड्यांनो. ह्येला म्हणत्यात पथ्य." वाढल्याली शुगरसुदा माणसाला आसं वाळवती, हे त्येला कोण सांगणार? गावातली दोन-तीन माणसं तर सल्ला घ्यायला घरी येऊ लागली. आण्णा ओट्यावर बसून सांगायचा, "भात बंद. भाकरी अर्धी. आन् मन घट्ट पायजे." आत शालूबाई त्येच्या ताटात बसून ती ऱ्हायल्याली भाकरी कालवणात कुस्करत असायची.

संक्रांतीच्या सुमाराला आकडा चढायला लागला. एकशे अठरा. एकशे तीस. ग्रुपवर प्रियदर्शनीनं लिहिलं, "आण्णा, जरा वाढतंय. काय खाताय?" ते वाचून आण्णाचं डोस्कं फिरलं.

"राती काय खाल्लीस गं?"

"काय खाणार? तुमच्या ताटातलं. आन् भात."

"थोडं कमी खात जा. नाव घालवाय लागलीस माझं."

शालूबाई हसली. "माज्या खाण्यानं तुमचं नाव कसं जाईल?"

"ते तुला कळायचं न्हाई. आकडा चांगला यायला पायजे."

दुसऱ्या दिवशी एकशे चौतीस. आण्णानं हुकूमच काढला. "राती जेवू नगंस. दूध पिऊन झोप." आन् ती बिचारी झोपली दूध पिऊन. सकाळी एकशे एकोणतीस आला, आण्णा खूष झाला, फोटू टाकला. वीरधवलचा अंगठा आला. वाघ.

शालूबाईला त्या दिवसांत लय तहान लागायची. रानात दोन वेळा कळशी रिकामी करायची. खुरपताना बांधावर टेकायची. "पायात जीव न्हाई ऱ्हात," म्हणायची. आण्णा म्हणायचा, "आता आपलं वय झालं. मी बघ कसा हाय." आन् पट्टा दावायचा.

पुढं आकडा एकशे साठच्या वर गेला, तवा आण्णा दिवसातनं दोन-दोनदा तिचं बोट टोचून त्यातला बरा फोटू टाकायला लागला. शालूबाईची बोटं खरबरीत झाल्याली. एकदा तिनं बोट मागं घेतलं, "दुखतंय वो."

"मग माझं टोचून काय दावू ग्रुपवर?" आण्णा खेकसला. तिनं दुसरं बोट पुढं केलं.

महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरची तारीख व्हती. जयराज सांगलीहून गाडी घिऊन आला, संगं प्रियदर्शनी. आण्णानं इस्त्रीची कापडं घातली. शालूबाई म्हणली, "मी बी येऊ का? अंगात बरं वाटंना."

"तू कशाला? माझा सत्कार हाय तिथं," आण्णा म्हणला, आन् सगळ्यांकडं बघून हसला.

डॉक्टरनं रक्त घेतलं. आण्णाला वाटलं, कालच्या दिवशी काय न्हाई खाल्लं, म्हंजी झालं. रिपोट आला. डॉक्टरनं कागद बघितला, मग जयराजचा मोबाईल घेतला, ग्रुपवरचं फोटू वर-खाली केलं. पुन्हा कागद बघितला.

"पाटील, ही टेस्ट आजची न्हाई. रक्ताला मागच्या तीन महिन्याची याद असती, ती हिच्यात कळती. आन् हितं आलंय साडेदहा. म्हंजी तीन महिनं तुमची शुगर अडीचशेच्या आसपास असणार." डॉक्टर जरा हसला. "फोटूत एकशे सत्तरच्या वर एक बी न्हाई. हे एक माणूस न्हवं, ही दोन माणसं हायत."

आण्णानं मोबाईलकडं बोट केलं. "मशीन... मशीन बिघडलं असंल."

प्रियदर्शनीनं मोबाईल घेतला. एक फोटू मोठा करून बघितला. मग दुसरा. मग तिनं मोबाईल आण्णापुढं धरला.

मशीन शालूबाईच्या तळहातावर. तळहाताच्या वर तिचं बोट. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब. पयल्या फोटूत, दुसऱ्या फोटूत, तीन महिन्याच्या हर फोटूत. सगळ्यांच्या समोर, आकड्याच्या बोटभर वर. त्यो बाईचा हात कुणीच बघितला न्हवता. आकडाच बघत व्हती सगळी.

"आण्णा," पोरगी हळू म्हणली, "ही शुगर मोठ्या आईची हाय ना?"

सातवी शिकल्याला असू द्या न्हाई तर सत्तर शिकल्याला, ह्या सवालाला उत्तर एकच असतंय. आण्णानं मान खाली घातली. 

पर पोरगीचं ध्यान त्येच्याकडं न्हवतंच. ती डॉक्टरला दाखवत व्हती. "हे बघा सर. दिवाळीनंतर एकशे आठ. संक्रांतीला एकशे तीस. आता एकशे सत्तर. उपाशीपोटी."

डॉक्टर आण्णाकडं वळला. "त्येंना तहान लागती का लय? दम लागतो?"

"पायात... पायात जीव न्हाई म्हणायची."

"ही आजची न्हाई," डॉक्टर म्हणला. "आधीपास्नं आत दबून असणार. कुणी बघितलं न्हाई एवढंच. तुमी बघितलं खरं तर. रोज सकाळी बघितलं, पाटील."

डॉक्टर रागानं न्हवता बोलला. साधंच बोलला. आन् म्हणूनच ते आण्णाला लागलं. रोज सकाळी त्येनं बघितलं व्हतं. बायको डोळ्यांपुढं आजारी पडत व्हती, तिच्या आजाराचा आकडा त्येच्या हातातल्या मोबाईलवर चढत व्हता, आन् त्यो तिला म्हणत व्हता, नाव घालवाय लागलीस माझं. उपाशी झोपवली तिला. अंगठं मिळावं म्हणून.

त्येला वाटलं, आता जयराज काय तरी बोलंल. बोलावं. शिव्या द्याव्या. जयराज उठला, गाडीची किल्ली घेतली आन् एवढंच म्हणला, "वैनीला घिऊन येतो, आण्णा. तुमी बसा हितंच." आन् जाताना त्येनं आण्णाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यो हात उसाच्या मोळीपेक्षा जड वाटला.

शालूबाई आली. रक्त दिलं, बाकड्यावर बसली. तिला काय झालंय ते प्रियदर्शनीनं सांगितलं. तर ती म्हणती, "मला? मी तर गोड खात बी न्हाई गं."

"मोठी आई, रोज बोट देत व्हतीस ना? आकडा बघितला न्हाईस का कवा?"

"आगं, बोट माजं, पर आकडा ह्येंचा न्हवं का?" ती अगदी खरं बोलत व्हती. "ग्रुपवर ह्येंच्याच नावानं जायचा. मला वाटलं, त्येंचं चाललंय."

आण्णाला वाटलं, खालच्या फरशीनं आपल्याला गिळावं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलीच न्हाई. उलट त्येच्याकडं वाकून हळूच इचारती, "तुमची किती आली वो? सुई तर सांगितली न्हाई ना?"

सुई सांगितली व्हती. दोघांची औषधं वेगळी. तिला गोळ्या आन् खाण्याचं पथ्य, त्येला गोळ्या आन् सुई. नर्सबाईनं पोटाची कातडी चिमटीत धरून कशी टोचायची ते दावलं. "लावून बघता का हितंच?"

आण्णानं सुई हातात घेतली. आबा डोळ्यांपुढं आलं. मग त्येचं ध्यान शालूबाईच्या हाताकडं गेलं. मांडीवर हात ठिवून बसली व्हती ती. बोटांची टोकं काळी पडल्याली, बारीक बारीक छिद्रं, एका नखाजवळ जरा सुजल्यालं. त्या बोटांनी तीन महिनं सुया खाल्ल्या व्हत्या. एकदा 'दुखतंय वो' म्हणलं व्हतं, तेवढंच.

आण्णानं सदरा वर केला. पट्ट्याची ती नवी भोकं दिसली, ती त्येनं हातानं झाकली. सुई टोचली. मुंगी चावल्यागत झालं, बस. एवढ्यासाठी, आण्णाच्या मनात आलं. एवढ्यासाठी.

घरी आल्यावर रातच्याला शालूबाईनं सवयीनं त्येचं एकट्याचं ताट वाढलं. आण्णा उठला, फडताळातनं दुसरं ताट काढलं, तिच्या पुढ्यात ठेवलं. अर्धी भाकरी त्येच्या ताटात, अर्धी तिच्या. अंडी दोघांना. मेथीची भाजी दोघांना.

"आवं, हे काय? मी मागनं खाती की."

"माझ्या ताटात आता जेवायचं न्हाई."

तिचं तोंड उतरलं. इतक्या वरसांची रीत, तिला वाटलं त्येनं टाकलीच आपल्याला. आण्णाला ते कळलं. समजावून सांगायला त्येला शब्द लागत व्हते, आन् शब्दांची कवा कमी न्हवती त्येच्याकडं, पर ह्या कामाचा एक बी सापडंना. शेवटाला म्हणला, "माझ्या ताटात ऱ्हायलेलं खाऊन तुला झालं हे. संगंच बस."

ती बसली. तिला त्येच्यासमोर घास उचलायला लाज वाटत व्हती, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून जेवली. आण्णाला बी तिच्याकडं बघवत न्हवतं. दोघंबी खाली मान घालून जेवली.

सकाळी त्येनं मशीन काढलं. चुलीवर च्या ठिवून शालूबाई आली, पदराला हात पुसला आन् सवयीनं बोट पुढं केलं.

"आदी माझं," आण्णा म्हणला.

त्येचं आलं दोनशे एकसष्ट. मग तिचं, एकशे अडुसष्ट. त्येनं दोन फोटू काढलं. पयल्या फोटूत मशीन त्येनं सोताच्या तळहातावर धरलं, आन् बोटावरचा थेंब दिसंल आसा धरला. खाली लिहायला त्येला लय वेळ लागला. "ही माजी. खरी. मागं टाकल्याल्या सगळ्या शालूच्या व्हत्या." दुसऱ्याखाली लिहिलं, "ही शालूची. तिच्या नावानं."

मोबाईल गुडघ्यावर ठिवून त्यो वाट बघत बसला. आता शिव्या येतील. आता कोणतरी हसंल. यायलाच पायजेत, आण्णाला वाटत व्हतं.

पयलं उत्तर आलं वीरधवलचं. वाचलं-बिचलं काय नसणार त्येनं, रोजच्यागत टाकलं. अंगठा. आन् त्येच्यावर एकच शब्द.

वाघ!

आण्णानं मोबाईल पालथा घातला. शालूबाईनं इचारलं, "काय म्हणत्यात?"

"काय न्हाई. बोट दाव तुझं," आण्णा म्हणला, आन् खोबरेल तेलाची बाटली उघडून तिच्या त्या खरबरीत बोटांना एकेक करून तेल लावत बसला. तिनं लाजून हात मागं घेतला आन् चुलीकडं पळाली, न्हाई तर च्या उतू गेला असता.